पंचावन्नच्या आत

चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो.
ऑइल इंजिनाचे लायनर बोअर केले,
किती केले याचा हिशेब मालकाकडे.
एका थाऊचा फरक, म्हणजे केसाचा तिसरा हिस्सा,
बोट आत फिरवलं की कळायचा.

छातीत भरून आलं तेव्हा मात्र काही कळलं नाही.
म्हटलं, रात्रीचा रस्सा असेल.
शालन म्हणाली, गंजीफ्रॉक पिळायला आलाय, उठा.
दस्तगीरनं रिक्षा काढली, लुंगीवरच.

मनगटातून तार सरकली.
पडद्यावर मला माझीच एक काळी नदी दिसली,
एका वळणावर सुतासारखी बारीक.
जाळी बसवली, नदी भरली.
मी पडल्यापडल्याच म्हणालो,
आता उरलेलं पण खरवडून घ्या की,
आम्ही इंजिनातला कार्बन काढतो तसं.

चौगुले डॉक्टरीणबाई, माझ्या थोरलीपेक्षा लहान,
हसल्या नाहीत.
काका, ही पाइप नव्हे.
चरबी नळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचते.
खरवडता येत नाही ती,
शांत ठेवावी लागते. रोज.
आणि कागदावर लिहिलं : एलडीएल, पंचावन्नच्या आत.

मी विचारलं, प्लस-मायनस किती चालेल?
म्हणाल्या, मायनस चालेल.

एकशे बासष्ट होतं.
सहा आठवड्यांनी अठ्ठ्याऐंशी.
मोठ्या गोळीला एक धाकटी गोळी जोडली,
मग त्रेपन्न.
त्रेपन्न!
रिपोर्ट शॉपभर फिरवला,
जॉब इन्स्पेक्शनमधून पास झाल्यागत.
आणि जॉब पास झाला की
माणूस मशीन बंद करतो.

बंडा मिस्त्री म्हणालाच होता, लिव्हर जातंय भावा त्यानं, पाय दुखत्यात.
पाय तर माझे दुखतच होते,
एकोणिसाव्या वर्षापासून.
रोज रात्री शालनसमोर पाकीट फोडायचो,
तांब्या तोंडाला लावायचो,
आणि गोळ्या व्हर्निअरच्या डब्यात.

दिवाळीनंतर रक्त दिलं.
एकशे एकेचाळीस.

डॉक्टरीणबाईंनी कागद शालनकडे वळवला :
मावशी, घरात काय शिजतंय?
आणि शालन साक्षीला उभी राहिल्यागत बोलत सुटली.
मटण महिन्यातून एकदा, तेही कट काढून.
साय मांजराला.
गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जात न्हाईत आता,
मी सोडतच न्हाई.
खोबरं चिमटीनं घालते, बाई,
माझ्या हाताला चव राहिली न्हाई म्हणून लेक जेवायला येत न्हाई.
मीठ सुद्धा…
तिचा आवाज फाटला.

एवढ्या वर्षांत कुणाचा जॉब बिघडला
तर मी दुसऱ्याच्या नावावर ढकलला नव्हता.

म्हणालो, तिचं काही चुकलेलं नाही.
गोळ्या मी घेतल्याच नाहीत.

परत येताना रंकाळ्याच्या कडेनं चाललो,
ती दोन पावलं पुढे.
भेळेच्या गाड्यांचे दिवे लागले होते.
एक शब्द नाही.
घरी आल्यावर डबा काढला, उघडला,
गोळ्या एक एक मोजल्या, मोठ्यानं,
शेजारच्यांना ऐकू जाईल अशा.
एकशे ब्याऐंशी.
मग व्हर्निअर पुसून माझ्या हातात दिला
आणि म्हणाली, ह्यानं काय मापत होता एवढी वर्षं?

त्यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.

शाहू मिलचा भोंगा कधीच बंद पडला,
तरी पेठेतली म्हातारी माणसं अजून त्या वेळेला घड्याळ बघतात.
माझी पाळी आता रात्री नऊची,
आणि तिला सुटी नाही.
ती तळहात पसरायला लावते, दोन गोळ्या ठेवते,
मी गिळल्यावर म्हणते, जीभ.
मी जीभ दाखवतो,
शाळेतल्या पोरासारखी.

फेब्रुवारीत पुन्हा चोपन्न आलं.
या वेळी रिपोर्ट फिरवला नाही.

परवा नातू ताटात डोकावला,
आजोबा, तुमच्या तांबड्या रश्श्याचा रंग कुठं गेला?
शालन पळीनं वरचा लाल कट
त्याच्या वाटीत काढत होती.
मी म्हणालो, तुझ्याकडं आलाय बघ,
आणि भाकरी मोडली.